बुधवारी अकरा वाजता, सड्यावर

टाळेबंदीच्या पहिल्या उन्हाळ्यात मी घोडेगावात एका भाड्याच्या खोलीत राहायचे. खाली शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं, ते बंद. वर मी एकटी. त्याआधी चार वर्षं मी एका संस्थेची समुपदेशक म्हणून आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या वाड्यांमधून फिरत होते. सकाळची एसटी धरायची, डिंभ्याच्या पुढं जिथं उतरता येईल तिथं उतरायचं आणि तिथून चालायचं. बाळंतिणींना भेटणं हे माझं मुख्य काम. बाळंतपणानंतर एखादीचं मन असं काही खचतं की तिला घास जात नाही, बाळाकडं बघवत नाही. घरातले त्याला कधी बाहेरचं म्हणतात, कधी आळस म्हणतात. अशा बाईजवळ जाऊन बसायचं, तिला बोलू द्यायचं, गरज पडली तर डॉक्टरांपर्यंत पोचवायचं. एसट्या बंद झाल्या तसं हे सगळं थांबलं.

महिन्याभरात औषधांच्या गाडीतून माझ्यासाठी एक टॅबलेट आला. त्यात संस्थेनं घाईघाईनं बनवून घेतलेलं ॲप होतं. वाडीवरच्या आशाताईनं बाळंतिणीची नोंद करायची, मी इथून फोन करायचा, तिनं दिलेली उत्तरं टॅबलेटवर भरायची. झोप लागते का, भूक कशी आहे, थकवा येतो का, कशात मन लागतं का, असे नऊ प्रश्न, त्यातला शेवटचा, जगणं नकोसं होतं का. सगळं भरून झालं की पडद्यावर एक गोल यायचा, हिरवा, पिवळा किंवा लाल. लाल आला की पुण्यातल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांना तो आपोआप दिसायचा आणि ते मला फोन करायचे.

काम नीट चाललं होतं. मीच नीट नव्हते, पण ते तेव्हा कळलं नाही. मी दवाखान्याशी संबंधित म्हणून घरमालकांनी हात जोडून सांगितलं होतं, शक्यतो खाली उतरू नका, काय लागेल ते पायरीवर ठेवू. दुधाची पिशवी पायरीवर यायची, भाजी पायरीवर यायची. ठेवणारं माणूस मला दिसायचं नाही. माझं माहेर पारगावकडे, जेमतेम तासाच्या रस्त्यावर. पण गावानं वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या आणि कारखान्यातून निवृत्त झालेल्या माझ्या वडिलांना दम्याचा त्रास होता. मी गेले नाही. त्या वर्षी चौदा एप्रिलची जयंतीही घरातच करायची होती. भावानं व्हिडिओ कॉल लावून फोन फोटोसमोर धरला आणि घरातल्या सगळ्यांनी त्रिशरण म्हटलं. मीही इकडून म्हणत होते. माझा आवाज तिकडं दोन सेकंद उशिरा पोचत होता, त्यामुळं सगळे संपवून गप्प झाले तरी माझं चालूच होतं. आई म्हणाली, "झालं गं, आमचं झालं." कॉल बंद झाल्यावर मी समोर लावलेली मेणबत्ती विझेपर्यंत तिथंच बसून राहिले.

एप्रिलच्या शेवटी तळेघरच्या पुढच्या एका वाडीतून नोंद आली. पहिलटकरीण, वय एकवीस. बाळ सव्वा महिन्याचं. नवरा चाकणला कंपनीत, तिकडंच अडकलेला. घरात फक्त सासू. आशाताईनं शेरा लिहिला होता, "जेवत नाही, बाळाला घेत नाही, बोलावलं तर भिंतीकडं तोंड करते." खाली तिनं सासूचा नंबर दिला होता, कारण घरात तेवढा एकच फोन होता. आणि रेंज घरात नव्हतीच. वाडीच्या वर उघड्या कातळाचा सडा होता, तिथं गेलं तरच फोन लागायचा. म्हणून वेळ ठरली, बुधवारी अकरा वाजता.

पहिल्या बुधवारी फोन लागला तेव्हा आधी नुसता वाराच ऐकू आला. मी त्या मुलीचं नाव घेऊन विचारलं, "तुम्हीच बोलताय ना?"

जरा वेळानं उत्तर आलं, "हां."

"शेजारी कुणी आहे का?"

"न्हाई. मी एकलीच हाय."

आवाज बसका होता, कोरडा. बरेच दिवस न बोललेल्या माणसाचा असतो तसा. मी तशी नोंदही केली. मग एकेक प्रश्न विचारत गेले. झोप? "पडून ऱ्हाती. न्हाई लागत." भूक? "जात न्हाई घास." बाळाकडं बघवतं का? "न्हाई बघवत." शेवटचा प्रश्न विचारला तर म्हणाली, "ते मला न्हाई सांगता यायचं." पडद्यावर लाल गोल आला. पुण्याहून डॉक्टरांचा फोन आला. आम्ही ठरवलं की महिनाभर दर बुधवारी बोलायचं, आशाताईनं लोहाच्या गोळ्या पोचवायच्या आणि सुधारणा दिसली नाही तर औषध सुरू करायचं. आशाताई स्वतः त्या दिवसांत मुंबई-पुण्याहून परतलेल्यांची यादी करण्यात बुडाली होती. ती गोळ्या उंबऱ्यावर ठेवायची, बाहेरूनच हाक मारून विचारायची आणि पुढं जायची.

दुसऱ्या बुधवारी मी विचारलं, "बाळाचं कोण करतं?"

"मीच करते की. न्हाऊ घालणं, दूध पाजणं, समदं."

मला बरं वाटलं. 'बाळाशी नातं जुळतंय' असं मी लिहिलं. दूध कसलं, कोणाचं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मग ती बोलायला लागली. फार नाही, थोडंथोडं. यंदा हिरडा विकत कोण घेणार म्हणून तो गोळा करायला कुणी गेलंच नाही, सगळा झाडाखाली पडून काळा झाला, असं सांगितलं. पहाटे चारला जाग येते आणि मग छपराकडं बघत पडून राहते, असं सांगितलं. बोलता बोलता थांबायची. मी थांबू द्यायचे. फोनवर शांतता धरून ठेवणं अवघड असतं, फोन तुटला की समोरचा गप्प आहे हे कळत नाही. तिच्या बाबतीत कळायचं, कारण वारा चालू असायचा.

पाचव्या बुधवारी गोल पिवळा झाला. डॉक्टर म्हणाले, "तुमची ती तळेघरची केस छान चाललीय." मी दिवसभर त्याच आनंदात होते. खरं तर त्या बुधवारची मी सोमवारपासूनच वाट बघायला लागले होते. इतर दिवशीही फोन असायचेच, दिवसाला आठ-नऊ. पण बाकी बाया विचारलं तेवढं सांगायच्या, मागं कुणीतरी ओरडत असायचं, टीव्हीवर हिंदी मालिका चालू असायची. ही मात्र कातळावर एकटी बसून फक्त माझ्याशी बोलत होती. फोन ठेवताना ती म्हणायची, "बरं मग, तुमी जेवून घ्या." आई मला रोज हेच सांगायची, पण तिचं बोलणं मी तोडून टाकायचे. हिचं ऐकून मी खरोखर ताट वाढून घ्यायचे.

सहाव्या बुधवारी ती एकदम म्हणाली, "टाळूला हात लावला का भ्या वाटतं मला. टाळू खोल गेली का लेकरू जातं."

"कुठलं लेकरू?"

"व्हतं एक. गेलं."

नोंदीत तर पहिलटकरीण लिहिलं होतं. मला वाटलं, आधी एखादं राहिलं असेल, गेलं असेल, आशाताईला घरच्यांनी सांगितलं नसेल. असं होतं. मी जोर केला नाही. म्हटलं, "सांगावंसं वाटलं तर पुढच्या वेळी सांगा. नाही वाटलं तरी चालेल." ती हां म्हणाली. मी शेऱ्यात 'आधीचं मूल दगावल्याची शक्यता' असं लिहिलं आणि आशाताईला विचारायचं ठरवलं. तिचा फोन दोन दिवस लागला नाही. तिसऱ्या दिवशी मी विसरले.

पुढचे दोन बुधवार ती त्या विषयाकडं आली नाही. पाऊस सुरू झाला होता. ती इरलं घेऊन सड्यावर बसायची, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. तिच्या शब्दांच्या मध्ये इरल्यावर पडणारं पाणी वाजायचं. मी म्हटलं, "एवढ्या पावसात कशाला येता, आपण दिवस बदलू." तर म्हणाली, "न्हाई न्हाई. बुधवार ऱ्हाऊ द्या."

नवव्या बुधवारी तिनं स्वतःहून सुरुवात केली.

"त्येला हगवण लागली व्हती. आठ म्हयन्याचं व्हतं. पोरगी व्हती. म्या पाठीशी बांधली आन् निघाले. तवा रस्ता न्हवता आमच्याकडं. वढ्याला पानी आलं व्हतं, उतरंल मग जाऊ म्हून थांबले. दुपार झाली तरी उतरंना. मांडीवर घिऊन बसले. कवा गेली ते मला कळलंच न्हाई बघा. मला वाटलं निजलीय."

पाणी वाजत होतं.

"पानी उतरल्यावर परत वर आले. सासू म्हणाली, रडू नगं, हुईल दुसरं. तिसऱ्या दिवशी लावणीला गेले. कुणी इषय न्हाई काढला पुन्ना. म्या पन न्हाई काढला."

"किती दिवस झाले याला?"

"लई झालं. ह्या बाळाचा बाप तवा तीन वर्साचा व्हता. त्येला घरीच ठिवला व्हता म्या शेजारणीकडं."

मी ते लिहून घेत होते. 'बाळाचा बाप तेव्हा तीन वर्षांचा' इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं. पुन्हा वाचलं.

"ताई," मी विचारलं, "तुम्ही कोण बोलताय?"

वारा आणि पाऊस. मला वाटलं तिनं फोन ठेवला.

"मी सासू हाय तिची," ती म्हणाली.

"आणि ती?"

"ती घरात निजून असती. पयल्यांदा आशाताई म्हणाली, तिला घिऊन सड्यावर जा. ती उठंनाच. म्हटलं, आपुनच जाऊन तिचं सांगावं. तुमी नाव घेतलं तिचं, म्या हां म्हटलं. पयल्या टायमाला समदं तिचंच सांगितलं बघा म्या, खोटं न्हाई बोलले. मंग दुसऱ्या बुधवारी तुमी इचारलं, आज तुम्हाला कसं वाटतंय. मला वाटलं मलाच इचारलं."

नऊ आठवडे. ती मुलगी नऊ आठवडे भिंतीकडं तोंड करून पडली होती आणि मी तिच्या नावापुढं पिवळा गोल लावत होते.

"ती जेवते का?"

"च्या पिती. भाकर दिली तर तशीच ऱ्हाती."

"बाळाला अंगावर घेते?"

"न्हाई. म्या शेळीचं दूध पाजते."

मी शेवटचा प्रश्न विचारला, या वेळी जिच्यासाठी होता तिच्याबद्दल. ती म्हणाली, "तोंडानं काय बोलत न्हाई. पर सोमवारी भर पावसाची इहिरीकडं गेली व्हती. हंडा न्हाई, काय न्हाई. म्या मागनं गेले, हाताला धरून आनली. तवापास्न मी दारात निजते. आत्ता शेजारणीला बसवून आले."

"हे मला आधी का नाही सांगितलं?" हे मी विचारायला नको होतं. आवाजही चढला असणार.

"आज सांगनारच व्हते," ती म्हणाली. "पन आदी दुसरंच तोंडात आलं."

त्यानंतरचे चार-पाच तास मी फोनवर होते. आशाताईला कुणाकुणाकडून निरोप धाडला आणि ती सुनेजवळ जाऊन बसली. डॉक्टरांना सगळं जसं झालं तसं सांगितलं. ते म्हणाले, "ते नंतर बोलू. आधी तिला खाली आणा." पंचायतीच्या माणसाची जीप मिळाली. संध्याकाळी ती घोडेगावच्या दवाखान्यात पोचली आणि मी किती आठवड्यांनी पहिल्यांदा जिना उतरून रस्त्यावर आले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर तिघं बसली होती. मुलगी अगदी काटकुळी, डोळे उघडे पण कुठंच लागलेले नाहीत. तिच्या दंडाला घट्ट धरून बसलेली एक बाई, पन्नाशीच्या आतली, नाकावर पदर ओढलेला, मांडीवर बाळ. मी मास्क आणि वर प्लॅस्टिकची ढाल अशा अवतारात होते. मी म्हटलं, "मी बुधवारची." तिनं एकदा वर पाहिलं आणि लगेच खाली. "हिला बघा आदी," म्हणाली.

टॅबलेट मुलीसमोर धरून डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं झालं. ती पडद्याकडं बघत नव्हती. डॉक्टर हळूहळू बोलत राहिले, घाई केली नाही. बऱ्याच वेळानं तिनं मान हलवली. गोळ्या सुरू झाल्या. रक्त फार कमी होतं, म्हणून आठ दिवस ठेवून घेतलं. त्या आठ दिवसांत मी रोज दोनदा जायचे. सासू बाकावर असायची. मी शेजारी बसायचे, बरंच अंतर ठेवून. ती सुनेबद्दल सांगायची, आज अर्धी भाकरी खाल्ली, आज बाळाच्या पायाला हात लावला. ओढ्याबद्दल एक शब्द नाही. मी एकदा सहज म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी जे सांगितलं..." तर ती उठून बाळाचे कपडे पिळायला गेली.

नंतर मी स्वतःशी पुष्कळ भांडले. मला कळायला हवं होतं. तो आवाज एकवीस वर्षांच्या मुलीचा नव्हताच. तिचं बोलणं, थांबणं, हिरड्याचा हिशेब, सगळं घर चालवणाऱ्या बाईचं होतं. प्रत्यक्ष गेले असते तर उंबऱ्यातच कळलं असतं. आणि फोनवरही कळलं असतं, पण मला कळून घ्यायचं नव्हतं. दर बुधवारच्या त्या पंचवीस मिनिटांच्या बोलण्याची मला गरज होती. मी डॉक्टरांना हेही सांगितलं. ते म्हणाले, "लिहून काढा. आणि तुम्ही आठवड्यातून एकदा माझ्याशी बोला, केसबद्दल नाही." मी दोन वेळा बोलले. मग त्यांच्या हॉस्पिटलात गर्दी वाढली आणि ते राहून गेलं. ॲपमध्ये मात्र एक बदल झाला. पहिल्या फोनआधी आशाताईनं बाळंतिणीला समोर बघून खात्री करायची, असा रकाना आला.

सासूचंही नाव नोंदवावं म्हणून मी संस्थेत विचारलं. ॲपमध्ये बाळाचं वय टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. कार्यक्रम बाळंतिणींचा होता. कुटुंबाला आधार म्हणून दोन फोन करता येतील, असं उत्तर आलं. मी दोन्ही केले. दोन्ही वेळा ती म्हणाली, "माझं बरं हाय. हिच्याशी बोला," आणि फोन सुनेकडं दिला.

सून बरी झाली. वेळ लागला, भातकापणीपर्यंत. ती आता स्वतः सड्यावर यायची आणि तिचा आवाज बारीक, भरभर, शाळेतल्या मुलीसारखा होता. पहिल्यांदा हसली तेव्हा बाळानं तिची टिकली खाल्ल्याचं सांगत होती. मी तिच्यासाठी मनापासून खूश होते आणि तिच्यामागं दुसरा आवाज येतो का, हेही ऐकत होते.

पुढं बंदी उठली. कार्यक्रम संपला, टॅबलेट परत गेले. मी जुन्नरला दवाखान्यात नोकरी धरली. तिथं माणसं समोरच्या खुर्चीत बसतात. सून नवऱ्याकडं चाकणला राहायला गेली, मुलगा तिथल्या बालवाडीत जातो, ती फोटो पाठवते.

गेल्या हिवाळ्यात मी तळेघरला एका कामासाठी गेले होते. तिथून पुढं चालत वाडीवर गेले. सासू अंगणात नाचणी पाखडत होती. मला ओळखायला तिला वेळ लागला. मी बोलले तशी ओळखलं. घरात एकटीच होती. चहा केला, बसा म्हणाली आणि पुन्हा सूप हातात घेतलं. मुलाचं, सुनेचं, नातवाचं झालं. मग मी विचारलं, "आणि तुमचं कसं आहे?"

"समोर बसल्यावर न्हाई बोलता येत मला," ती म्हणाली. "तवा तुमी दिसत न्हवता."

ती पाखडत राहिली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुमचं कोन कोन हाय?"

मी सांगायला लागले. आई आहे. वडील दुसऱ्या लाटेत गेले, शेवटी फक्त व्हिडिओवर दिसले, नर्सनं फोन धरला होता. भाऊ आहे. लग्न केलं नाही, एकदा ठरलं होतं, मोडलं. जुन्नरला खोली घेतलीय, खालच्या मजल्यावर. असं बरंच सांगत गेले, तिनं विचारलं त्याच्या किती तरी पलीकडचं. ती एकदोनदा हां म्हणाली. सुपातले खडे वेचून बाजूला टाकत होती आणि तिचं लक्ष माझ्याकडं होतं.

जीपची वेळ होत आली म्हणून उठले. तिनं फडक्यात शेरभर नाचणी बांधून दिली. वाडीतली गुरं परतत होती, ती त्यांच्याकडं गेली. मी पायवाटेनं खाली उतरले. जीप यायला अजून अवकाश होता, रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. मी मैलाच्या दगडावर बसून राहिले.